अंगदच्या हातचं पाणी

मी बोलण्याची अन् गिळण्याची डॉक्टर. जालन्यात लोक मला ‘बोलायच्या म्याडम’ म्हणतात, म्हणेनात का! मुकी पोरं बोलती करते, तशी शेवटाला लागलेल्या माणसांच्या घरीही जाते. घास कसा भरवायचा, काय देऊ नये, ते दाखवते. त्या दुपारी पिंपळगाव रेणुकाईला गेल्ते, ते फक्त एक चमचा पाणी पाजायला.

रायभानकाकांची वाचा लकव्यानं कधीच गेल्ती, आता गिळणंही गेलं. पाणी दिलं तर फुप्फुसात उतरायचं, म्हणून मीच ते बंद केलेलं. पण काकांना जाताना पोराच्या हातचं पाणी हवं होतं. कितीदा विचारलं, दरवेळी डोळे मिटून ‘हो’च. शेवटी मीच हरले. अंगद पुण्याहून निघाला होता. तो आला की एकच चमचा, अन् गळ्यावर हात माझा, असं ठरलं.

“गाडीवर येऊन राह्यला,” अंगदची आई, वच्छलाकाकू म्हणाल्या. “किती सांगितलं, एष्टीनं ये म्हणून!”

मी काकांच्या कंठावर दोन बोटं ठेवली. गिळलं की कंठ वर सरकतो, तेवढंच बघायचं असतं. आठवडाभर तो हललाच नव्हता.

तो सरकला.

“काकू, पाणी पाजलंत का?”

“न्हाई वो! पेला तर हा माझ्या हातात...”

परत सरकला. परत. काका घटाघटा पीत होते. ओठ घट्ट मिटलेले, अन् कडेनं पाण्याचा ओघळ उशीवर उतरलेला. बोटं काढायची हिंमत होईना.

“अंगद आला का काय?” काकूंनी दाराकडं पाह्यलं. दारात कुणीच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. अंगदचाच नंबर. काकूंनी हसत स्पीकर लावला. आवाज अनोळखी होता.

“हॅलो... हा फोन ज्याचा हाय, तो पोरगा... भोकरदनच्या रोडला ट्रकनं उडवलं... आबाला पाणी पाजायचंय, एवढंच म्हणून राह्यला व्हता... आत्ताच गेला वो.”

पेला खाली पडला. कंठ थांबला. मला वाटलं, सुटले काका.

अन् मग कुणीतरी बोललं, स्वच्छ, मायेनं. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. काकूंनी मात्र ओळखला. त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

“बस, अंगद... आता तू पी.”

माझ्या बोटांखाली काकांचा कंठ थरथरत होता. ओठ मिटलेलेच होते. आवाज फोनमधून येत होता.