रस्ता बघून टायर

त्याची गाडी आमच्या दुकानात तोंडानं नाही, बुडानं आली.

राधानगरी रोडला, क्रशर चौकाच्या पुढं आमचं टायरचं दुकान आहे. आषाढातली दुपार. सकाळपासून पावसाची रपरप थांबायचं नाव घेत नव्हती. समोरून एक म्हैस निवांत रस्ता ओलांडत होती. त्यानं ब्रेक मारला, गाडी ओल्या डांबरावर गर्रकन फिरली आणि मागच्या बाजूनं येऊन बरोब्बर आमच्या पायरीला टेकली. म्हैस मान न वळवता निघून गेली.

काच खाली झाली. आत एक माणूस, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसलेला. डोळे असे, की आत्ताच कुणीतरी परत आणून दिलेत...

"लागलं का कुणाला?" त्यानं विचारलं.

"म्हशीला न्हाय. पायरीचं बघावं लागंल."

"मालक कुठायत?"

"बोलतेय की मी."

बाई बोलतेय म्हटल्यावर बहुतेक गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून आत बघतात. कुणी बापई माणूस दिसतो का म्हणून. आत आण्णा, म्हणजे माझे वडील दादासो, पेपर वाचत असतात आणि ते मुद्दाम वर बघत नाहीत. हा मात्र खाली उतरला आणि माझ्या शेजारी चाकापाशी उकिडवा बसला. पावसातच. मला तो तिथंच आवडला. लपवायचं काय त्यात?

गाडीच्या मागच्या काचेवरची जात वाचायची सवय आमच्या धंद्यात आपोआप लागते. त्याच्या काचेवर आडनाव होतं, आडनावाखाली दोन तलवारी. आमच्या दुकानात शिरल्या शिरल्या बाबासाहेबांचा फोटो दिसतो. तो बघून काही तलवारीवाले नुसती हवा भरून निघून जातात. ह्यानंही फोटो बघितला. मग माझ्याकडं बघितलं. आणि म्हणाला, "टायर बदलायचेत. चारी."

नाव राजवीर. जनावरांचा डॉक्टर. राधानगरीच्या वरच्या वाड्यावस्त्यांवर दूध संघाच्या म्हशी तपासत फिरायचा. गाडी वडिलांची, म्हणजे आबांची, पण चालवायचा हाच.

मी टायरच्या नक्षीत बोट घातलं. बोट बुडेना.

"डॉक्टर, हा टायर हाय का घोटीव पाटा?"

"म्हणून तर आलो. मित्र म्हणतोय मॅगव्हीलच्या चकचकीत रिम टाक, रुंद टायर टाक, गाडी रस्त्याला चिकटून बसती."

"मित्र काय करतो?"

"त्याचं... केसाचं सलून हाय."

मी हसले नाही. हसू ओठांच्या आत दाबून ठेवलं. "रिम चांगलीये की. कंपनीचीच ठेवा. पकड रिममध्ये नसती, रबरात असती. आणि रुंद टायर पाण्यावर तरंगतो. आत्ता गर्रकन फिरलात, मग सरळ ओढ्यात जाल."

"असं कसं? म्हशीचं खूर बघा. पसरट असतंय, म्हणून ती चिखलात रुतत न्हाय. मी रोज बघतोय."

चिखलापुरतं त्याचं बरोबर होतं. बरोबर बोलणारा माणूस दिसला की मला आधी राग येतो, मग बरं वाटतं.

"चिखल किती, डांबर किती?" मी विचारलं.

"ते... बघावं लागंल."

"मग बघूनच ठरवू."

ही आमच्या आण्णांची रीत. डोंगरातल्या गिऱ्हाइकाला ते रस्ता बघितल्याशिवाय टायर देत नाहीत. लोक हसतात. म्हणतात, टायर विकतोय का सोयरीक जमवतोय? आण्णांना फरक पडत नाही.

तोवर मी त्याच्या गाडीला मागं दोन जुने पण नक्षीचे टायर लावून दिले, जीव राहण्यापुरते. तरी तो दुसऱ्या दिवशी हजर.

"हवा बघायला आलोय."

"कालच बघितली की."

"रात्रीत उतरली असंल."

"कुणाची?"

तो हसला. कानापर्यंत लाल झाला आणि हसला. नंतर हवा वारंवार उतरायला लागली. आण्णा पेपराआडून म्हणाले, "ह्या गाडीला हवा कमी आणि येरझाऱ्या जास्त हायत."

रविवारी मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. रस्ता बघायला.

परिते, भोगावती मागं पडलं तसा पाऊस दाट झाला. उसाच्या पानांवर त्याचा आवाज वेगळा, भाताच्या खाचरात वेगळा. राधानगरीच्या वर रस्ता अरुंद झाला, वळणावर तांबडा चिखल डांबरावर उतरलेला. मी काच खाली करून चाकाचा आवाज ऐकत होते. पाणी कापताना टायर सस्स करतो. घसरायच्या आधी तो आवाज बंद होतो. क्षणभरच... पण बंद होतो.

"काय ऐकताय एवढं?" त्यानं विचारलं.

"तुमची गाडी काय बोलतेय ते."

"काय बोलतेय?"

"म्हणतेय, मालकाचं लक्ष रस्त्यावर न्हाय."

"मालकाचं न्हायच," तो म्हणाला. गिअरवर त्याचा हात होता. माझा हात माझ्या मांडीवर. मधली जागा एवढीशी... आणि तिथं सगळा घाट मावत होता.

एका वळणावर उतरून मी सगळं बघितलं. डांबर जास्त, चिखल शेवटच्या तुकड्याला, पण खडी धारदार. "साईज हीच. रबर मऊ, मधल्या खाचा खोल, पाणी बाहेर फेकणाऱ्या. आणि साईडवॉल, म्हंजे बाजूची भिंत, जाड, तुमच्या म्हशीच्या खुरासारखी."

"म्हंजे मी थोडा तरी बरोबर व्हतो?"

"थोडा."

"तेवढं बास हाय मला," तो म्हणाला. "संघप्रिया..." मॅडम सोडून त्यानं पहिल्यांदा नाव घेतलं होतं. पुढचं वाक्य ओठावर आलेलं मला दिसलं. पण पाऊस वाढला आणि तो म्हणाला, "चला, जवळच आत्याचा गोठा हाय. चहा घेऊ."

अंबूबाई आत्या. हातात शेणाची पाटी, चेहरा उन्हानं भाकरीसारखा भाजलेला. मला बघून पाटी टाकली, हात धुतले, पदरानं पुसले. आत नेलं. चुलीपुढं पाट दिला. चांगल्या कपातला चहा, बशीत खारी. माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "पोर भिजलीया की रं. तापबिप येईल." करंडा आणला, माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं. मी लावत नाही. पण तिचा हात इतका मऊ होता, की मी मान मागं घेतली नाही.

मग तिनं तो प्रश्न विचारला. आमच्याकडं चहा गार व्हायच्या आत तो येतोच.

"कुणाच्यातल्या म्हणायच्या ह्या?"

राजवीर माझ्याआधी बोलला. "टायर कंपनीच्या मॅडम हायत, आत्या. रस्ता बघायला आल्यात."

प्रश्न जातीचा होता, उत्तर कंपनीचं. इतकं सफाईदार, की त्याला ह्याची सवय असावी असं वाटलं. मी कप खाली ठेवला.

"कंपनीची न्हाय, आत्या. माझं स्वतःचं दुकान हाय. संघप्रिया दादासो कांबळे. आम्ही बौद्ध."

करंड्याचं झाकण लावता लावता तिचा हात थांबला. "असं व्हय..." ती म्हणाली. वाईट काही बोलली नाही. करंडा घेऊन आतल्या खोलीत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "लगेच सांगायची काय गरज व्हती?"

"मी खोटं बोलले?"

"तसं न्हाय गं. हळूहळू सांगितलं असतं मी."

"हळूहळू म्हंजे कसं? आधी नाव, मग आडनाव, मग वस्ती? हप्त्याहप्त्यानं?"

त्यानं गिअर बदलला.

"माझी आज्जी असल्याच गोठ्यातलं शेण काढायची. उंबऱ्याच्या आत कधी गेली न्हाय. मी आज गेले, चुलीपुढं बसले. पण ते मी कोण हे म्हाईत नव्हतं म्हणून. माझी मी म्हणून न्हाय. राजवीर, तुझ्या गाडीला पकड मी देईन. तुझ्या जिभेला कुठनं आणू?"

वायपर इकडून तिकडं जात होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी बघितलं. बघून मी काचेबाहेर तोंड वळवलं. दर वेळी आम्हीच का समजून घ्यायचं?

दुकानासमोर उतरताना मी म्हणाले, "टायर मागवते. बसवून घेऊन जा. आणि मग हवा दुसरीकडं बघत जा."

टायर आले. कोरे, काळे, वासाचे. कोपऱ्यात एकावर एक रचले, वर खडूनं त्याच्या गाडीचा नंबर लिहिला. तो आला नाही. फोनही नाही. श्रावण लागला, ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला. दारात कुठलीही पांढरी गाडी थांबली की माझ्या हातातला पाना थांबायचा. मला माझाच राग यायचा.

"दुसऱ्याला देऊन टाक," आण्णा म्हणाले. "साईज चालती हाय."

"राहू देत."

"टायर राहू देत, का आणखी काय?"

आण्णांनी पेपर उलटला. तो पेपर कालचा होता, हे दोघांनाही माहीत होतं.

आणि मग एका दुपारी तो आला. मोटरसायकलवरून. कुणाची तरी जुनी, धूर सोडणारी. रेनकोट नाही. डोक्यापासून बुटांपर्यंत भिजलेला, दाढी वाढलेली.

"गाडी कुठाय?" मी विचारलं.

"आबांनी किल्ली काढून घेतली."

"का?"

त्यानं आण्णांकडं बघितलं. आण्णांनी पेपर खाली ठेवला. म्हणून तो त्यांच्यासमोरच बोलला.

"आधी आत्याकडं गेलतो. तिला म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोललो, पोरीनं खरं सांगितलं. ती रडली. का रडली ते सांगितलं न्हाय. मग घरी सगळ्यांना बसवलं."

"काय म्हणालास? शब्दाला शब्द सांग."

"म्हटलं, संघप्रिया कांबळे. बौद्ध हाय. टायरचं दुकान हाय. मला तिच्याशी लग्न करायचंय. ती करंल का म्हाईत न्हाय." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "आबा म्हणाले, गाडी माझी हाय, घर माझं हाय, पोरगा कुणाचा हाय ते तूच ठरव. तवापासनं दूध संघाच्या गेस्ट हाऊसवर राहतोय."

माझ्या तोंडून पहिला आला तो रागच.

"मला विचारायच्या आधी सगळ्या गावाला विचारलंस?"

"तुला आधी विचारलं असतं, तर तू म्हणाली असतीस, पहिलं घरी सांग."

म्हणालेच असते. अक्षरशः तेच. ह्या माणसाला बरोबर बोलायची वाईट खोड आहे.

मी त्याच्याकडं बघू शकेना, म्हणून खाली बघितलं. मोटरसायकलचा मागचा टायर गुळगुळीत, एका बाजूला आतले धागे दिसत होते.

"ह्याच्यावर आलास? घाटातनं? मरायचंय का?"

"संघप्रिया, आधी उत्तर दे."

"आधी टायर."

मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली. चाक काढलं. तो मदतीला वाकला, मी हात झटकला, तो पुन्हा वाकला. मग मी झटकला नाही. नवा टायर रिमवर चढवताना दोघांचे हात ग्रीसनं सारखेच काळे झाले. हवा भरली. नट आवळताना त्यानं माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली. घट्ट. पाऊस थांबल्यासारखा वाटला... थांबला नव्हता.

"करीन," मी म्हणाले. "पण लपून न्हाय. कोर्टात पळत जाऊन न्हाय. आत्ता तुझ्या घरी जायचं. तू माझं नाव सांगितलंस, आता माझं मी सांगणार. तुझ्या आबांच्या तोंडावर."

"ते हाकलतील."

"हाकलू देत. मला बघून हाकलू देत."

राजवीरनं पुन्हा आण्णांकडं बघितलं. आण्णा उठले. आमच्या पोरी अशा घरात गेल्यावर काय काय होतं, हे त्यांनी पेपरात आयुष्यभर वाचलंय. ते नको म्हणाले असते, तर मी थांबले असते का, मला सांगता येणार नाही. त्यांनी माझा रेनकोट खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला.

"सावकाश चालव," ते राजवीरला म्हणाले. "नवा टायर सुरुवातीला घसरतो."

मी त्याच्या मागं बसले. दोन्हीकडं पाय टाकून. त्याच्या ओल्या शर्टावर गाल टेकला तेव्हा कळलं, त्याचंही काळीज माझ्यासारखंच धडधडत होतं. मोटरसायकल रस्त्याला लागली. मागं शटर ओढल्याचा मोठा आवाज झाला. भर दुपारी, धंद्याच्या वेळी.

फुटक्या आरशात मी बघितलं. आण्णांचा टायर वाहायचा टेम्पो थोडं अंतर राखून आमच्या मागं येत होता, दिवसाउजेडी हेडलाईट लावून.