शेवटच्याच्या हाती काठी

त्याला सगळे थांबामामा म्हणायचे. यात्रेत देवळाच्या बोळाच्या खालच्या तोंडाशी आडवा दोर धरून दिवसभर 'थांबा, थांबा' म्हणायचं हेच काम, मग दुसरं काय नाव पडणार? पायांचे तुकडे पडले होते, घसा बसला होता, आणि रांग काही संपत नव्हती.

देवळाकडे जायचा बोळ दोन उंच भिंतींमधला. भरदुपारीही आत अंधार, मधे एक वळण. मागच्या यात्रेत पहिला जथा आत असतानाच दुसरा घुसला आणि त्या वळणावर माणसं चेंगरून मेली. तेव्हापासून नियम झाला: जथ्यातल्या शेवटच्या माणसाच्या हाती लाल काठी द्यायची. ती वर पोचली, वरच्या माणसाने वॉकीटॉकीवर तसं कळवलं, की मगच पुढचा जथा सोडायचा.

दुपारी रांगेत त्याची बायको दिसली.

"घरी बसवत नव्हतं का?"

"तुमचा डबा काय उडत येणार होता? आलेच आहे तर दर्शन घेऊन येते."

आपलं माणूस, काठी कुठे विसरणार नाही, म्हणून त्याने काठी तिच्याच हाती दिली. "हात छातीशी धर. धक्का आला तर उलटं रेटू नकोस, कडेकडेने सरक. काही पडलं तर वाकू नकोस. आणि काठी शेवटच्याच्याच हाती हवी."

"बायकोलाही तेच पाठांतर," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या पाठोपाठ त्याने दोर ओढला.

बऱ्याच वेळाने वरचा बोलला, "काठी आली. सोड."

"बायकोने दिली ना?"

"नाही रे. एक म्हातारा होता. काही न बोलता टेकवून गेला."

त्याने दोर घट्ट आवळला. "ती बाहेर दिसेपर्यंत मी सोडत नाही."

मागे लोक कुरकुरायला लागले. "मामा, उभ्या उभ्या झोप लागली का?" रेटा वाढला, दोर तळहातात रुतला. आत बायको आणि मागे हा लोंढा. दोर सुटला तर ती वळणावरच सापडणार. त्याने मनगटाला दोन वेढे घेतले. इतका थकला होता, की रडूसुद्धा येईना.

शेवटी वरच्याने वॉकीटॉकी तिच्या हाती दिला. "पोचले मी."

त्याचा जीव भांड्यात पडला. "काठी दुसऱ्याला का दिलीस?"

"तुम्हीच म्हणालात, शेवटच्याच्या हाती हवी. माझ्या मागे ते म्हातारेबुवा होते, त्यांना दिली. माझ्या आधी कसे पोचले, देव जाणे."

"तुझ्या मागे कुणी नव्हतं. दोर मी ओढला."

"होते हो... खूप होते. वळणावर. हात छातीशी धरून, शहाण्यासारखे उभे. मला वाट दिली, पण स्वतः कुणी हललं नाही."

"काही बोलले?"

"सगळे एकच विचारत होते..." तिचा आवाज अगदी खाली गेला. "या वेळी तरी दोर कुणी धरलाय ना?"

मागचा रेटा तसाच होता. तेवढ्यात आतून, अंधाराच्या बाजूने, कुणीतरी दोर हळूच ओढून पाहिला.