दोन थापा म्हणजे चाल

देवराम मिस्त्रीच्या थापा सगळ्या बुऱ्हाणपुरात प्रसिद्ध होत्या. लालबाग रोडवर त्याचं गॅरेज, समोर चहाची टपरी, आणि टपरीच्या बाकावर बसून त्यानं आजवर काय काय सांगितलं याला गणती नव्हती. तापीच्या पुरातून ट्रक पोहत नेला. असीरगडच्या घाटात बिबट्याला लिफ्ट दिली. खंडव्याकडून येणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचा तिसरा नोजल गळतोय हे ओळखलं. यातली शेवटची गोष्ट खरी होती, पण लोकांनी तिलाही पहिल्या दोघींच्या पंगतीला बसवलं. देवरामला त्याचं वाईट वाटत नसे. लोक हसत होते, चहा पाजत होते, बरं चाललं होतं.

त्याचा हात मात्र खोटं बोलत नव्हता. जुन्या ट्रकच्या इंजिनवर तळवा ठेवला की आत काय दुखतंय ते त्याला कळे. दुखणं एवढंच होतं की जुने ट्रकच उरले नव्हते. नव्या गाड्यांना आधी कॉम्प्युटर लावावा लागतो, आणि देवरामच्या गॅरेजात कॉम्प्युटर म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातलं चित्र. त्याचा मुलगा ललित स्वतःच्या दोन नव्या गाड्या चालवायचा. गॅरेजच्या जागेवर गाड्या धुण्याचं सेंटर टाकायचं त्याच्या मनात होतं.

"बाबा, टाइम बदल गया," एका सकाळी तो टपरीवर म्हणाला. "आता तुमच्याकडे कोण येणार? आराम करा ना घरी."

बोलला गोडच, पण देवरामला ते झोंबलं. तो बाकावरून उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लांब नाकाची जुनी गाडी घेतो. माझ्या हातानं उभी करतो. केळीनं गच्च भरून असीरगडचा घाट चढवतो, कोणाचा धक्का न घेता. नही चढली तर गॅरेजची चावी तुले दिली."

ललितनं हात पुढे केला. टपरीवरचे लोक टाळ्या वाजवून हसले. देवराम पहिल्यांदाच मनापासून बोलला होता, आणि तेवढंच कोणाला कळलं नाही.

गाडी मिळाली जसोंडीला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे. सतरा वर्षं निंबाखाली उभी होती. मालक चुडामण वारला होता आणि त्याची बायको मालूबाई शेड मोकळी करत होती. देवरामनं रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं चेसिसच्या पट्ट्यांवर डिझेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली. कुठं बारीक तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल खडूवर काळी रेघ ओढतं. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ओणवा फिरला. रेघ कुठंच उठली नाही. म्हातारीची हाडं शाबूत होती.

सौदा ठरला. मालूबाईनं चहा दिला आणि जाता जाता म्हणाली, "आन अजून एक फायदा हाय, भाऊ. हिले क्लीनर ठेवा लागत नही. आमच्या यायनी बावीस वर्षांत कधी ठेवला नही."

चुडामण चिकट असला पाहिजे, असं देवरामच्या मनात आलं. एवढं लांब धूड, ड्रायव्हरला डावीकडचं काही दिसत नाही. गाडी मागे घेताना, वळवताना क्लीनरनं खाली उतरून बॉडीवर तळव्यानं थाप मारायची ही सगळ्या ट्रकवाल्यांची रीत. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चाल. क्लीनरशिवाय बावीस वर्षं? देवरामला ती त्याच्या स्वतःच्या थापांपेक्षा मोठी थाप वाटली.

चार महिने तो आणि त्याचा जुना फिटर भिकन त्या गाडीत बुडाले. इंजिन जाम होतं. हेड उतरवलं, लायनर-पिस्टन नवे घातले, क्रँक जळगावला घासून आणला. कमानीचे पाटे सुटे करून एकेक ठोकून पाहिला. ब्रेकचं सगळं नवं केलं, कारण घाटात चढण्याआधी थांबता आलं पाहिजे. बॉडीच्या बऱ्याच फळ्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. डाव्या बाजूची, मागून दुसरी फळी मात्र सागाची आणि ठणठणीत होती. तिच्या आतल्या अंगाला वीतभर जागा झिजून उंबरठ्यासारखी गुळगुळीत झाली होती. पोती घासून झालं असेल, असं म्हणून देवरामनं ती होती तशीच बसवली.

पहिल्या दिवशी इंजिन लागलं तेव्हा काळ्या धुराचा लोट आला, मग पांढरा, मग धूर नाहीसाच झाला आणि ती एका लयीत चालू लागली. देवरामनं ऑइलचं झाकण उघडून तळवा धरला. आतल्या वाफेचा जोर उलटा येत नव्हता, म्हणजे पिस्टन घट्ट बसले होते. सतरा वर्षं मेलेली गाडी त्याच्या हाताखाली श्वास घेत होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

त्याच दुपारी त्यानं गाडी शेडमधून मागे घ्यायला सुरुवात केली. हात-दोन हात गेली असेल.

धप्प.

एक थाप. डावीकडून, मागून. देवरामचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तो उतरून मागे गेला, तर मागचं चाक कामाच्या खड्ड्याच्या काठावर होतं. खड्ड्यावर झाकायच्या फळ्या त्यानंच सकाळी काढल्या होत्या आणि विसरला होता.

"भिकन्या, वाचवलं रे!" त्यानं हाक मारली.

भिकन रस्त्यापलीकडे टपरीवर होता. हाक ऐकून तो चहाचा ग्लास हातात धरून रस्ता ओलांडून आला. "काय झालं, मिस्त्री?"

देवरामनं सांगितलं. भिकननं खड्डा पाहिला, रिकामी शेड पाहिली आणि हसला. "मस्त हाय. आता गाडीच थापा मारते म्हना."

संध्याकाळपर्यंत टपरीवर सगळ्यांना कळलं आणि सगळे पोट धरून हसले. देवरामनं शपथ घेतली तर आणखी हसले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या थापांचा राग आला.

तो मिस्त्री होता, भुताखेतांच्या मागं लागणारा नव्हता. आवाज येतो म्हणजे काहीतरी ढिलं आहे. त्यानं बॉडीचा एकेक बोल्ट आवळला, सांध्यांत रबराचे वॉशर घातले, मागच्या फाळक्याच्या साखळ्यांना चिंध्या गुंडाळल्या. गाडी खडबडीत रस्त्यावर पळवली, कुठंच कुरकुर नव्हती. पण लालबागच्या आंधळ्या वळणावर एक थाप आली आणि त्यानं ब्रेक दाबताच समोरून उसाची ट्रॉली आडवी गेली. ट्रॉली गेली आणि दोन थापा आल्या.

मग त्यानं शेवटचा उपाय केला. त्या सागाच्या फळीवर बाहेरून जाड पत्रा ठोकला. बाहेरून कोणी काही मारत असेल तर आता आवाज पत्र्याचा यायला हवा. दुसऱ्या दिवशी बहादरपूरच्या फाट्यावर गाडी मागे घेताना थाप आली. आवाज लाकडाचाच होता. उघड्या तळव्याचा, भरदार. देवराम उतरून पाहायला गेला. पत्र्यावर धुळीचा थर होता तसा होता.

त्यानंतर त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. टपरीवर तो गप्प बसू लागला. बिबट्याची गोष्ट सांगा म्हटलं तरी मान हलवायचा. त्याच्या बायकोला, इंदुबाईला, लोक विचारू लागले, मिस्त्रीची तब्येत बरी नाही का?

आरटीओत गाडीचं पासिंग झालं. पौषातल्या एका स्वच्छ सकाळी बहादरपूरच्या मळ्यात गाडी भरली. घडाला घड लावून, मध्ये सुकी पानं कोंबून, काठोकाठ. भरणाऱ्यांचा मुकादम गोटू, झुपकेदार मिशांचा गडी, वर चढून दोर आवळून खाली उतरला आणि म्हणाला, "मुंगी जाईल इतकी जागा नही सोडली, मिस्त्री." ललित साक्षीदार म्हणून डावीकडच्या सीटवर बसला. मागून भिकन आणि टपरीवरची अर्धी मंडळी मोटरसायकलींवर निघाली. लग्नाची वरात असावी तसा सगळा थाट होता.

घाट लागला. देवरामनं दुसरा गियर टाकला. इंजिन एका सुरात गात होतं आणि पाण्याच्या तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता. एक वळण गेलं, दुसरं गेलं. ललित खिडकीला कोपर टेकवून बसला होता, तो हळूहळू सरळ झाला.

तिसऱ्या वळणावर ट्रेलर बंद पडला होता.

रस्त्याच्या मधोमध, चाकांना दगड लावून. त्याच्या डावीकडे कठड्यालगत एक पट्टी तेवढी उरली होती. कठड्यापलीकडे दरी. चढ सगळ्यात उभा तिथंच होता.

ललितनं मान बाहेर काढून पाहिलं. "नहीं निकलेगी, बाबा. रुको. खरंच रुका. इथं हरला तर कोणी हसणार नाही."

देवरामनं ब्रेक धरला. गाडी मालासकट चढावर तोलून उभी राहिली. आयुष्यभराचं काम त्या ब्रेकवर टांगलं होतं. इथून मागे फिरायचं म्हणजे चावी द्यायची.

धप्प. धप्प.

ललितनं चमकून बापाकडे पाहिलं. "कोण आहे मागे?"

"तुले ऐकू आलं?"

"हो, पण—" ललितनं पुन्हा मान बाहेर काढली. फळ्या आणि कठडा यांच्यात वीतभर जागा होती. तिथं कोणी उभं नव्हतं. उभं राहायला जागाच नव्हती.

देवरामनं क्लच सोडला.

गाडी पट्टीत शिरली. उजवा आरसा ट्रेलरला घासून मिटला. डावीकडचं त्यानं पाहिलंच नाही.

धप्प.

एकच. तो थांबला. गाडीचं नाक ट्रेलरच्या आडून बाहेर पडायला हातभर बाकी होतं.

वरून एक बस भरधाव वळणावर आली, ट्रेलर पाहून दरीच्या बाजूला लोटली आणि चाकं घासत थांबली. नाक हातभर पुढे असतं तर बस त्याच्यावर आदळूनच थांबली असती.

बसवाल्यानं बस मागे घेतली.

आता उभ्या चढावर, गच्च मालासकट, थांबलेली गाडी पुन्हा उचलायची होती. यापेक्षा अवघड परीक्षा त्या घाटात नव्हती.

धप्प. धप्प.

देवरामनं पहिला गियर टाकला. म्हातारी एकदा थरथरली, कमानी करकरल्या, आणि मग ती उठली. एक चाक घसरलं नाही, एक बोल्ट कुरकुरला नाही. नव्या गाड्यांचे ड्रायव्हर ट्रेलरमुळे अडलेल्या रांगेतून उतरून पाहत राहिले आणि ती लांब नाकाची त्यांच्यासमोरून वर गेली, भोंगा वाजवत, माथ्यापर्यंत.

वर नारळ फुटला. भिकननं बुऱ्हाणपुरातून आणलेला दराबा, तिथली रव्याची मिठाई, सगळ्यांच्या तोंडात कोंबला. ललित खाली उतरला, बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, "चावी तुमची, बाबा. गॅरेज तुमचंच." देवरामनं त्याला छातीशी धरलं. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्यानं इंदुबाईला फोनवर सांगूनही टाकलं.

मागाहून टपरीवर ललितनं शपथेवर सांगितलं की थापा खऱ्या आहेत, मी माझ्या कानांनी ऐकल्या. लोक म्हणाले, खाण तशी माती.

पण त्या दिवशी खंडव्याला माल उतरवताना जे दिसलं ते बाप-लेकांनी टपरीवर सांगितलं नाही. वरचे घड काढल्यावर हमाल थांबला आणि म्हणाला, "मिस्त्री, यहाँ कौन बैठा था?" डाव्या कोपऱ्यात, मागून दुसऱ्या फळीला लागून, केळीत खोलगट जागा झाली होती. एका माणसानं पाय दुमडून बसावं एवढी. आजूबाजूच्या घडांना एकही डाग नव्हता. देवरामनं तिथं वाकून फळीवर हात ठेवला. आतल्या अंगाच्या त्या गुळगुळीत जागेत त्याचा तळवा नेमका बसला. पत्रा त्यानं बाहेरून ठोकला होता. थाप आतून पडत होती.

आठ दिवसांनी दुसरी खेप भरायला तो बहादरपूरला गेला. आता त्याच्याकडे लांबून लांबून जुन्या गाड्या येत होत्या, गॅरेजात उभं राहायला जागा नव्हती. गोटूची माणसं घड चढवू लागली तेव्हा त्यानं डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तेवढी जागा सोडा. वर आडवी फळी टाका, म्हंजे घड घसरनार नहीत."

"काऊन, मिस्त्री?"

देवरामनं एक घड चाचपून पाहिला. "हवा खेळाले पाहिजे. नहीतर माल वाटेतच पिकते."

"बराबर हाय," गोटू म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याची कोणतीही गोष्ट इतक्या पटकन कोणाला पटली नव्हती. गोटूनं आपण होऊन त्या कोपऱ्यात सुकी पानं अंथरली, जाड, उशीसारखी, आणि खाली उडी मारली.

फाळका लावायला देवराम मागे गेला. सगळी माणसं खाली, पाणी पीत उभी होती. फटीतून त्याला तो कोपरा दिसला. फुगलेली पानं मधोमध हळूहळू दबत गेली, चुरचुर आवाज करत, आणि दबलेलीच राहिली.

त्यानं फाळका आपटला नाही. आवाज न करता लावला, साखळी अडकवली आणि पुढे जाऊन बसला. इंजिन लागलं. तो हात स्टिअरिंगवर ठेवून थांबला.

मागून दोन थापा आल्या.