जुनी साठवण पुसा

गुलू गावात दुपारचा पाऊस आला की लाल माती माणसाचा पिच्छा सोडत नाही. त्या दिवशी एक उंच माणूस भाड्याच्या मोटारसायकलवरून उतरला आणि धावतच ग्रंथालयात शिरला. लाकोतने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे दारापासून टेबलापर्यंत उमटले.

लाकोत नर्सिंग कॉलेजची ग्रंथपाल होती आणि राग कायम तिच्या नाकावर असायचा. त्यात सकाळपासून संगणकावरची नियतकालिकं उघडत नव्हती. सुईणकाम शिकणाऱ्या मुली कोऱ्या पडद्यांसमोर बसून होत्या.

"पाय पुसा आधी," ती म्हणाली. "राजधानीहून, कंपालाहून आलात ना? बुटांवरूनच कळतं."

"हो, न्याबो."

"बाईमाणसाला न्याबो कंपालात म्हणायचं, इथे नाही. आणि परत गेलात की तिथल्या त्या अरिंदाला माझा निरोप द्या."

"कोण अरिंदा?"

"आहे एक. सगळ्या कॉलेजांनी मिळून तिथे एक कचेरी काढलीय. नियतकालिकांची वर्गणी एकत्र, किल्ली एकत्र, आत जायचं दार एकच. त्या दारावर हा बसलाय. काहीही बिघडू दे, याचं एकच उत्तर. 'जुनी साठवण पुसा आणि पुन्हा प्रयत्न करा.' घराला आग लागली तरी हा हेच लिहील."

"दिसायला कसा असेल हो?"

"टक्कल असणार. पोट सुटलेलं. ढेकर देत लिहीत असेल."

त्याने आपल्या भिजलेल्या दाट केसांवरून हात फिरवला. "पोटाकडे... लक्ष देईन मी," तो हळूच म्हणाला. "मीच अरिंदा."

लाकोतला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो मात्र शांतपणे संगणकापुढे बसला. आणि त्याने पहिल्यांदा काय करावं? संगणकात साचलेली जुनी साठवण पुसली. दार उघडलं.

"हसलात तर पुन्हा पावसात उभं करीन," लाकोत म्हणाली.

तो हसला नाही. पण जाताना दारात वळून त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं... आणि त्या पाहण्याने तिची रात्रीची झोप उडाली.

त्यानंतर गुलूच्या ग्रंथालयात फार बिघाड होऊ लागले. 'पान उघडतं, पण उदास दिसतं,' असं लाकोत लिहायची. 'आठवण पुसू नका, मी येतो,' असं उत्तर यायचं. साठवणीची आठवण कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही. तो येई, दार तपासल्यासारखं करी आणि दुपारी तिच्यासोबत झाडाखाली जेवायला बसे. पहिल्यांदा मलाक्वांगची आंबट भाजी खाताना त्याचे डोळे मिटले होते.

"तुम्हा पश्चिमेकडच्यांना तुपाशिवाय चव कळते का?" तिने टोमणा मारला.

"शिकव की. जन्मभर शिकायला तयार आहे."

"जन्मभर भाजी करायला मी मोकळी नाहीये."

"मग मी करीन. डिसेंबरात काका येतायत माझे, तुझ्या घरी... लग्नात द्यायच्या गाईंचं बोलायला."

लाकोतने मान खाली घातली. बोटाला लागलेली भाजी ती उगाचच पुसत राहिली. हो म्हणायची तिची तीच तऱ्हा होती आणि त्याला ती कळली.

पण डिसेंबर यायच्या आधीच बातमी आली. सुईणकामाची नियतकालिकं नव्या वर्षापासून बंद होणार होती. सगळ्या कॉलेजांत ती वाचणारं गुलूचं हे एकच. बाकीच्यांनी मिळून ती नको ठरवली.

"काहीतरी कर ना," ती म्हणाली.

"लाकोत, मी दारावरचा माणूस आहे. आत काय ठेवायचं ते मी ठरवत नाही."

"माझ्या मुली उद्या खेड्यात जातील. अडलेली बाई समोर असेल तेव्हा त्यांनी काय वाचलेलं असावं? तुझं ते वाक्य?"

त्याच्या हातात खरंच काही नव्हतं, आणि हेच तिला सहन होईना. तो जेवून हात धुवायला उठला तेव्हा त्याचा संगणक तिच्यापुढे उघडाच होता. आत त्याची किल्ली लागलेली, देशातल्या सगळ्या कॉलेजांची ती एकच किल्ली. लाकोतने सुईणकामाचा एकूण एक अंक ग्रंथालयाच्या संगणकात ओढून घ्यायला लावला आणि संगणकाचं झाकण अर्धवट मिटवलं. चोरी केली असं तिला वाटलंच नाही. मुलींसाठी पुरचुंडी बांधून ठेवावी, इतकंच तिला वाटलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"काय केलंस तू?"

परदेशातल्या प्रकाशकाला वाटलं, कुणी दुकानच उचलून नेतंय. त्याने दार बंद केलं. आणि दार एकच असल्यामुळे ते एकट्या गुलूपुरतं बंद झालं नाही. देशभरातली मुलं प्रबंध लिहायच्या ऐन दिवसांत बाहेर राहिली.

"मी सांगते सगळ्यांना. मीच केलं म्हणून," लाकोत म्हणाली.

"नाही सांगायचं. कॉलेजच्या माणसाने केलं असं ठरलं, तर ते कॉलेज कायमचं बाहेर काढतात. मग सुईणकामच काय, तुझ्या मुलींना काहीच मिळणार नाही. कचेरीतल्या माणसाने केलं, तर फक्त तो माणूस जातो. किल्ली माझीच होती."

"अरिंदा, नको..."

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो नाही. आणि मग रात्रभर तळमळलो असतो." आता त्याचा आवाज ओला झाला. "ओढलेलं सगळं पुस. प्रकाशकाची अट आहे. एकही अंक ठेवू नकोस."

तिने पुसलं. पुसताना तिला हुंदका आवरेना.

नोकरी गेल्यावर गावी जाण्याआधी तो एकदाच गुलूला आला. ग्रंथालयात आला नाही, बसच्या तळावर उभा राहिला. लाकोत धावत गेली आणि हातभर अंतरावर थांबली.

"मी येते तुझ्याबरोबर. गाई राखीन."

"तू? गाई पळून जातील." तो हसायला गेला, जमलं नाही. "आपण दोघं एकत्र दिसलो, तर कुणी केलं ते शेंबडं पोरही सांगेल. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी कशासाठी गेलो, ते वाया घालवू नकोस."

"म्हणजे मुली किंवा तू."

"तू आधीच ठरवलंयस. ठरवलं नसतंस... तर मला आवडली नसतीस."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. इतके दिवस थट्टेत दडवलेलं ते वाक्य नेमकं बस सुरू झाल्यावर तिच्या तोंडून निघालं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "माझंही आहे." मग तो चढला. लाल धुळीत बस दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती.

डिसेंबरात कुणाचे काका आले नाहीत. नव्या वर्षी सुईणकामाची नियतकालिकं ठरल्याप्रमाणे बंद झाली. बाकीचं दार पुन्हा उघडलं होतं, ते उघडं राहिलं. मुली आत जात होत्या, वाचत होत्या, आणि त्यांना काही ठाऊक नव्हतं. लाकोत आता कुणावर रागवत नसे. मुलींनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

एका पावसाळी दुपारी पडदे पुन्हा कोरे झाले. तिने कंपालाला तक्रार लिहिली. लगेच उत्तर आलं.

'जुनी साठवण पुसा आणि पुन्हा प्रयत्न करा.'

वाक्य त्याचंच होतं. माणसाला काढलं, पण त्याचं वाक्य कचेरीने कामाचं म्हणून ठेवून घेतलं होतं. लाकोत कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत बसली. मग तिने लिहिलं, 'पुसून पाहिली. जात नाही.'

त्याच्या जागेवर आलेल्या कुणी तरी ते वाचलं असावं. थोड्या वेळाने दुसरं उत्तर आलं.

'आमच्या बाजूने दार उघडं दिसत आहे. आपली तक्रार बंद करत आहोत.'