तिसरं रीडिंग

उद्यापासून प्रॅक्टिकल घ्यावी लागणार म्हणून तिघे संशोधक विद्यार्थी कुरकुरत बसले होते. "आमचं अर्धं वर्ष शिकवण्यात जाणार, काका." बाहेर अंधार पडला होता. रसायनशास्त्र विभागातून निवृत्त झालेल्या काकांनी चष्मा पुसला.

"एक गोष्ट सांगतो. तिचं खरं-खोटं मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ज्याच्यावर बेतलं, तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातला तिसरा गुरुवार. त्या मुलाला सगळे घाईमास्तर म्हणत. प्रबंध बांधून तयार होता, घोडं अडलं होतं एका कागदापाशी: सत्रभर शिकवल्याचा दाखला. विभागप्रमुख बाई तो दुसऱ्या दिवशी देणार होत्या. शेवटची प्रॅक्टिकल तेवढी उरकायची. विभागाचा नियम असा, की तीन रीडिंग जुळल्याशिवाय विद्यार्थी जात नाही, आणि शेवटचा विद्यार्थी गेल्याशिवाय शिकवणारा जात नाही. घाईमास्तरनं त्यावर तोड काढली होती. आकडे न बघता सही ठोकायची. पोरं खूश, हा मोकळा.

पावणेआठला त्यानं चाळिसावी सही केली. तुकडीत चाळीसच जण होते. दिवे घालवायला हात नेला, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी एक मुलगी. ब्युरेटच्या उभ्या काचनळीतून फ्लास्कमध्ये थेंब सोडत होती.

"सर, रंग येत नाहीये."

"बारा पूर्णांक चार लिही. आण, सही करतो."

"पण आला नाही ना, सर."

"अगं, कोण बघतंय? घरी वाट बघत असतील तुझी."

"बस मग," म्हणत तो दाराकडे गेला. कडी निघाली. दार हललं नाही. खांदा लावला. शिपाईमामांना हाका मारल्या. फोन लावला...

काही नाही. मागे नुसते थेंब.

नऊ वाजले. दहा. अकरा.

ब्युरेट रिकामी व्हायची. ती भरायची. पुन्हा रिकामी.

शेवटी तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सत्रात पहिल्यांदाच त्यानं कुणाच्या फ्लास्ककडे नीट पाहिलं.

"रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब आधी घातलेस ना?"

"कसले थेंब, सर?"

"कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"कधीपासून करतेयस हे?"

ती ब्युरेट पुन्हा भरू लागली.

त्यानं फ्लास्क धुतला. आम्ल मोजून घेतलं. दोन थेंब घातले. तोटी कशी धरायची, ते तिचा हात धरून दाखवलं. हात गार होता. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा फिका गुलाबी रंग आला. तिन्ही आकडे जुळले. त्यानं ते वाचले. मग तिच्या वहीत सही केली. मान वर केली.

कुणी नव्हतं. वहीही नव्हती. दार उघडं होतं.

"आणि दाखला?" एकानं हळूच विचारलं.

"बाई द्यायला तयार होत्या. यानं घेतला नाही. आणखी एक सत्र मागून घेतलं." काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तो फिका गुलाबी हवेत टिकत नाही, तुम्हाला माहीत आहे. तासाभरात उडतो. माझंच शास्त्र कुठेतरी कमी पडत असेल... तो फ्लास्क कोपऱ्यात तसाच उघडा आहे. उद्या तुमची प्रॅक्टिकल त्याच खोलीत आहे. बघा. अजून गुलाबी आहे."