उमर खलाशाच्या नावापुढचा अंगठा

"माजिदाताई, पाटीवरून तुमच्या पणजोबांचं नाव काढावं लागतंय," सुमेधा फोनवर म्हणाली. "ते जहाज सोडून पळाले होते. पुरावा आलाय."

नाशिक रोडच्या छापखान्यातून निवृत्त झालेल्या माजिदानं रिक्षा केली आणि दूध बाजाराजवळचं वाचनालय गाठलं. १९१७ साली मालवाहू जहाजाबरोबर बुडालेल्या नाशिककर खलाशांची पाटी तिथं लागणार होती. नावं दोनच, उमर आणि शोएब. सुमेधा तिथली ग्रंथपाल.

तिनं झेरॉक्स पुढं केली. खलाशांच्या नोंदवहीतल्या दोन ओळी. उमरपुढं अंगठा, शेरा: बंदरात पळाला. शोएबपुढं सही, शेरा: बुडून मृत्यू.

"कुणी दिली?"

"टपालानं आली. निनावी. अजून कुणाला दाखवली नाही. शोएबच्या पणतूला फक्त उमर पळाले एवढंच सांगितलंय."

माजिदा तिथून शोएबच्या पणतूकडं गेली. नियाजचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.

"नियाजभाई, नोंदीचा कागद पाहिलात?"

"नाही आपा. मॅडमकडून नुसतं ऐकलं."

"काय वाटतं?"

"अंगठेबहाद्दर माणूस, विलायत बघून पळाला असेल. जाऊ द्या. घरातली अब्रू चव्हाट्यावर कशाला?"

"जाऊ देणार नाही."

घरी तिनं उमरची जुनी पोस्टकार्डं काढली. प्रत्येकाखाली उर्दूत तीच ठसठशीत सही. तिनं विलायतेच्या अभिलेखागाराला पत्र लिहून अख्खं पान मागवलं.

ते तीन आठवड्यांनी आलं. तिनं नियाजला वाचनालयात सुमेधासमोर बोलावलं.

"ही मूळ नोंद. उमर: सही, बुडून मृत्यू. सही पोस्टकार्डावरचीच. शोएब: अंगठा, बंदरात पळाला. झेरॉक्स काढताना कुणीतरी फक्त नावांच्या पट्ट्या कापून अदलाबदल केली."

"कुणी?" सुमेधानं विचारलं.

"उमर लिहिणारा माणूस. त्याला अंगठेबहाद्दर म्हणेल तो फक्त ही खोटी झेरॉक्स पाहिलेला माणूसच. नियाजभाई, तुम्ही तर पाहिलीच नव्हती ना?"

नियाज खुर्चीत खचला. "मूळ नोंद मला आधीच मिळाली होती, आपा. लोकांनी मला भगोड्याचा पणतू म्हटलं असतं."

"आणि मला म्हटलेलं चाललं असतं?"

"मग शोएबचं नाव काढते," सुमेधा म्हणाली.

"हात लावायचा नाही! जहाजाच्या भट्टीत कोळसा ओढून पिचलेला माणूस जीव घेऊन निसटला, त्यात कसली लाज? पाटीचा मथळा बदला. समुद्रावर गेलेले. खाली खरं लिहा. एक बुडाला, एक पळाला."

ती नियाजकडं वळली.

"आणि पाटी लागेल त्या दिवशी ती तुम्ही वाचायची. सगळ्या मोहल्ल्यासमोर, मोठ्यानं."