यादीतला पहिला नंबर

गेलेल्या माणसाचा फोन वाजत राहिला, आणि अखेर सुनेने तो ओल्या हातानेच उचलला.

"रक्त हवंय हो... यादीत तुमचा नंबर पहिला आहे—" कुणी पुरुष धापा टाकत बोलत होता.

"ते... आता नाहीत. थांबा, मी दुसरं कुणी बघते."

ते म्हणजे माझा मुलगा. रक्त देणाऱ्यांची ती साइट त्याने नि सुनेने मिळून उभी केलेली. तो तापाने गेला. त्याचा फोन मात्र सून रोज चार्ज करायची. मी कधी टोकलं नाही. टोकायला छाती लागते.

तिने यादीतला दुसरा रक्त देणारा धाडला, पण तोवर त्या पुरुषाचे वडील गेले होते.

काही दिवसांनी साइटवरचा पत्ता शोधत तो स्वतःच दारात उभा. चिंब भिजलेला, छत्री उलटी झालेली.

"आभार मानायला आलो. आणि... भांडायलाही."

"आधी पाय पुसा," सून म्हणाली.

साइटी ज्या मोठ्या कॉम्प्युटरांवर राहतात, ते भाड्याने देणाऱ्या कंपनीत तो कामाला. "तुमची साइट फुकटच्या जागेवर आहे. कुणी फिरकलं नाही की झोपते, मग उठता उठत नाही. आमच्याकडे समाजकामाला अगदी कमी भाड्यात जागा मिळते. तिथे ती जागी राहील."

"मला दया नकोय."

"कंपनीचा नियम आहे हो. दया करायला माझा पगार पुरत नाही."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी... मला तिचा राग आला. मग माझाच आला.

तो येत राहिला. लॅपटॉप एक, खुर्च्या दोन, आणि दोन खुर्च्यांतली जागा रोज थोडी कमी.

"एवढीशी साइट हलवायला इतके दिवस?" मी विचारलं.

"जपून हलवतोय, काकू."

"दिसतंय मला." दोघांचे कान लाल!

शेवटच्या दिवशी मात्र तो अडला. "जे नंबर आता उपयोगाचे नाहीत, ते काढावे लागतील. पहिला..."

"तो चालू आहे. मी उचलते."

"उचलता. तोवर मी दुसरा नंबर लावलाच नाही. रिंग ऐकत बसलो... आणि बाबा—" त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "मी नाही पुसणार. तुम्ही म्हणाल तसं."

सुनेचा चेहरा राखेसारखा झाला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पूस," मी म्हणाले. "माझा मुलगा कुणाची वाट अडवणारा नव्हता."

तिने पुसला. त्याने हात पुढे केला, बिचकून मागे घेतला... तिनेच तो धरला.

"काम संपलं. आता येणार नाही ना तुम्ही?"

"आता कामाशिवायच येईन म्हणतो... चालेल?"

उत्तर ऐकत उभी राहायला मी काही निर्लज्ज नाही. आत गेले, घासायला एक भांडं नसताना मोरीतला नळ सोडला, आणि त्यांचं बोलणं मला ऐकू येणार नाही नि माझा हुंदका त्यांना ऐकू जाणार नाही, इतका मोठा करून ठेवला.